हरवलेल्या तासाचे जनक : विल्यम विलेट

ब्रिटनमध्ये दरवर्षी मार्च महिन्याच्या अखेरच्या रविवारी मध्यरात्रीनंतर एक विलक्षण घटना घडते. त्या वेळी बहुतेक नागरिक गाढ झोपेत असतात. घड्याळात बारा वाजून ५९ मिनिटे होतात आणि ते मिनिट सरताच एकदम दोन वाजतात. मधला एक तास त्या दिवशी येतच नाही. त्या रात्री लंडनमध्ये दीड वाजता कोणाचा जन्म होत नाही, कोणाचा मृत्यू होत नाही आणि कोणतीही गाडी सुटत नाही, कारण त्या दिवशी तेथे दीड वाजतच नाही. ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी याच्या उलट घडते. एक ते दोन हा तास त्या रात्री दोनदा येतो.

भारतात घड्याळे पुढे-मागे केली जात नाहीत. त्यामुळे ब्रिटनमधील आप्तांशी बोलताना हिवाळ्यात साडेपाच तासांचे असणारे अंतर उन्हाळ्यात साडेचार तासांचे का होते, एवढाच प्रश्न आपल्याकडे अनेकांना पडतो. मात्र पुणे, बेंगळुरू किंवा हैदराबाद येथे बसून परदेशी बँका आणि विमान कंपन्यांसाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या अभियंत्यांना हा हरवलेला तास चांगलाच परिचित आहे. जो तास अस्तित्वातच नाही, त्या तासातील वेळ कोणी संगणकाला दिली तर त्याने काय करावे, हा त्यांच्या व्यवसायातील एक जुना आणि चिवट प्रश्न आहे.

हा प्रश्न ज्यांच्या खटपटीतून जन्माला आला ते विल्यम विलेट हे शास्त्रज्ञही नव्हते आणि राजकारणीही नव्हते. ते घरे बांधणारे व्यावसायिक होते. आपली कल्पना प्रत्यक्षात आलेली पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

विल्यम विलेट यांचा जन्म १० ऑगस्ट १८५६ रोजी इंग्लंडच्या सरे परगण्यातील फार्नहॅम येथे झाला. मेरिलबोन येथील फिलॉलॉजिकल स्कूलमध्ये शिक्षण घेतल्यानंतर ते वडिलांच्या बांधकाम व्यवसायात सामील झाले. वडिलांचे नावही विल्यमच होते. पितापुत्रांनी मिळून लंडनच्या चेल्सी, केन्सिंग्टन आणि हॅम्पस्टेड या भागांत, तसेच समुद्रकाठच्या होव्ह या गावी उत्तम प्रतीची घरे उभारली. विलेट यांनी बांधलेले घर ही त्या काळी चांगल्या बांधकामाची खूण मानली जात असे. व्यवसायात त्यांनी भरपूर पैसा मिळवला आणि पुढे त्यातील बराचसा एका छंदापायी खर्चही केला.

विलेट यांचे वास्तव्य केंट परगण्यातील चिझलहर्स्ट येथे होते. पहाटे उठून घोड्यावरून रपेट करण्याची त्यांना सवय होती. १९०५ च्या उन्हाळ्यात एका सकाळी ते जवळच्या पेट्स वूडच्या परिसरातून जात होते. सूर्य केव्हाच वर आला होता आणि झाडांवर लख्ख ऊन पडले होते, तरीही वाटेतील घरांचे पडदे बंदच होते. उन्हाळ्याच्या दिवसांत इंग्लंडमध्ये पहाटे चारच्या सुमारास उजाडते. लोक मात्र घड्याळाप्रमाणे सात-आठ वाजता उठत आणि संध्याकाळी अंधार पडला की दिवे लावून बसत. सकाळचे कित्येक तास उजेड वाया जात होता आणि रात्री कृत्रिम उजेडासाठी पैसे मोजावे लागत होते. ही विसंगती विलेट यांच्या मनात घर करून बसली. ते गोल्फचेही शौकीन होते आणि अंधार झाल्याने खेळ अर्ध्यावर सोडावा लागणे त्यांना अजिबात रुचत नसे. उदात्त हेतूमागे अशी एखादी साधी वैयक्तिक कुरबुर असणे अस्वाभाविक नाही.

उजेड वाया जातो हे लक्षात येणारे विलेट हे पहिले गृहस्थ नव्हते. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४ मध्ये पॅरिसवासीयांच्या उशिरा उठण्यावर आणि मेणबत्त्यांच्या खर्चावर एक विनोदी लेख लिहिला होता. मात्र त्यात घड्याळ सरकवण्याची सूचना नव्हती. न्यूझीलंडमधील कीटक-अभ्यासक जॉर्ज व्हर्नन हडसन यांनी १८९५ मध्ये वेलिंग्टनच्या विद्वत्सभेपुढे एक निबंध सादर केला आणि उन्हाळ्यात घड्याळे दोन तास पुढे करावीत असे सुचवले. टपाल खात्यातील नोकरी संपल्यावर त्यांना कीटक गोळा करण्यासाठी उजेड हवा असे. हडसन यांना अग्रक्रमाचा मान द्यावाच लागेल. परंतु ही कल्पना जगातील एका बलाढ्य संसदेच्या दारापर्यंत नेऊन ती वर्षानुवर्षे ठोठावत ठेवण्याचे काम विलेट यांनी केले.

१९०७ मध्ये त्यांनी स्वखर्चाने एक पुस्तिका छापली. दिवसाच्या उजेडाचा अपव्यय हा तिचा विषय होता. तीत मांडलेली योजना आजच्या पद्धतीपेक्षा बरीच वेगळी होती. घड्याळ एकदम एक तास पुढे करावे असे विलेट यांनी सुचवले नव्हते. एप्रिल महिन्यातील चार रविवारी, पहाटे दोन वाजता, दर वेळी २० मिनिटे याप्रमाणे घड्याळ एकूण ८० मिनिटे पुढे न्यावे आणि सप्टेंबरमधील चार रविवारी त्याच पद्धतीने ते मागे आणावे, अशी ती योजना होती. वेळ २० मिनिटांनी सरकल्याने कोणाच्याही झोपेत किंवा दिनक्रमात जाणवण्याजोगा फरक पडणार नाही, असा त्यांचा विश्वास होता. दिव्यांच्या खर्चात देशाची दरवर्षी सुमारे २५ लाख पौंडांची बचत होईल, असा हिशेबही त्यांनी मांडला होता. याशिवाय कष्टकऱ्यांना संध्याकाळी मोकळ्या हवेत काही काळ घालवता येईल आणि त्यांचे आरोग्य सुधारेल, हा मुद्दा त्यांना बचतीइतकाच महत्त्वाचा वाटत होता.

रविवारच्या पहाटे दोन वाजताची निवड येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आठवड्यातील १६८ तासांपैकी जेव्हा समाज सर्वाधिक निश्चल असतो, अशी ही वेळ. दुकाने, कचेऱ्या आणि न्यायालये बंद असतात. घड्याळातील काही मिनिटे काढून टाकायचीच असतील तर ती अशा ठिकाणाहून काढावीत, जेथे कोणालाही त्यांची गरज नाही. विलेट यांच्या योजनेप्रमाणे त्या चार रविवारी दोन वाजल्यापासून दोन वाजून १९ मिनिटांपर्यंतची वेळ अस्तित्वातच राहिली नसती. दोनच्या ठोक्याला घड्याळ दोन वाजून २० मिनिटांवर गेले असते. झोपलेल्या माणसाचे यात काहीच हरवत नाही. १९०७ च्या जगापुरता हा युक्तिवाद बिनतोड होता, असेच म्हणावे लागेल.

पुस्तिकेच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. विलेट यांनी व्यवसाय सांभाळून खासदार, नगरपालिका आणि व्यापारी संस्था यांच्याकडे पाठपुरावा सुरू केला. रॉबर्ट पीअर्स या खासदारांना ही कल्पना पटली आणि त्यांनी १२ फेब्रुवारी १९०८ रोजी कनिष्ठ सभागृहात विधेयक मांडले. ते प्रवर समितीकडे सोपवण्यात आले आणि अनेक मान्यवरांच्या साक्षी झाल्या. आर्थर बाल्फोर, डेव्हिड लॉइड जॉर्ज, रॅम्से मॅकडोनाल्ड आणि तरुण विन्स्टन चर्चिल ही मंडळी विलेट यांच्या बाजूने होती. राजे सातवे एडवर्ड यांनी तर सँड्रिंगहॅम येथील आपल्या वाड्यातील घड्याळे शिकारीला अधिक उजेड मिळावा म्हणून अर्धा तास पुढेच ठेवली होती.

विरोधकांची फळीही तितकीच भक्कम होती. पंतप्रधान हर्बर्ट अ‍ॅस्क्विथ अनुकूल नव्हते. राजखगोलशास्त्रज्ञ विल्यम ख्रिस्ती, सर जॉर्ज डार्विन आणि हवामान खात्याचे प्रमुख नेपियर शॉ यांनी विरोध केला. वेळ ही सूर्य आणि ग्रिनिचची वेधशाळा यांच्याशी जोडलेली शास्त्रीय गोष्ट आहे. लोकांना लवकर उठवण्यासाठी तिच्यात ढवळाढवळ करणे शास्त्रज्ञांना मान्य नव्हते. लवकर उठायचे असेल तर लवकर उठावे, त्यासाठी घड्याळाला खोटे बोलायला लावू नये, असा या विरोधाचा आशय होता. शेतकऱ्यांच्या संघटनांना गुरांच्या आणि दवाच्या वेळा बदलत नाहीत याची आठवण करून द्यावी लागली. नाट्यगृहांच्या मालकांना लख्ख उजेडात प्रेक्षक येणार नाहीत ही धास्ती होती.

घड्याळाबाबतचा असा वाद त्या काळी केवळ लंडनमध्येच चालला होता असे नाही. विलेट यांनी पुस्तिका छापण्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९०६ मध्ये, भारतात प्रमाणवेळ लागू झाली आणि मुंबईने तिला कडाडून विरोध केला. मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे होती. सरकारी हुकमाने घड्याळ पुढे करणे हा अनेक मुंबईकरांना परकीय सत्तेचा हस्तक्षेप वाटला. महापालिकेने आपली घड्याळे मुंबई वेळेवरच ठेवली. ही वेळ शहरात १९५५ पर्यंत टिकून होती. तेव्हा घड्याळाचे काटे हलवणे म्हणजे केवळ यंत्राची दुरुस्ती नव्हे, हे विलेट यांच्याइतकेच मुंबईकरांनाही ठाऊक होते.

१९०९ मध्ये संसदीय समितीत हा प्रस्ताव थोडक्या मतांनी फेटाळला गेला. १९११ ते १९१४ या काळात विलेट यांच्या समर्थकांनी दरवर्षी विधेयक आणले आणि दरवर्षी ते बारगळले. वृत्तपत्रांतून थट्टा झाली. विलेट मात्र थांबले नाहीत. सभा, पत्रे, भेटीगाठी आणि पुस्तिकेच्या नव्या आवृत्त्या असा त्यांचा क्रम सुरूच राहिला. पन्नाशी ओलांडलेला एक यशस्वी व्यावसायिक, ज्याला या कायद्यातून एका पैचाही लाभ होणार नव्हता, तो आपली मिळकत आणि उमेद दिवसाच्या ८० मिनिटांसाठी खर्च करीत होता.

४ मार्च १९१५ रोजी इन्फ्लुएन्झाच्या आजाराने चिझलहर्स्ट येथे विलेट यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते. चिझलहर्स्टच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. तोवर युरोपात महायुद्ध पेटले होते आणि उजेडाच्या बचतीकडे कोणाचे लक्ष नव्हते.

युद्धानेच पुढे चित्र पालटले. कोळशाची टंचाई जाणवू लागताच जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांनी ३० एप्रिल १९१६ रोजी रात्री अकरा वाजता घड्याळे एक तास पुढे नेली. त्या रात्री जर्मनीत अकरानंतर थेट बारा वाजले. विलेट यांच्या देशाला जी गोष्ट आठ वर्षांत पटली नाही, ती शत्रूने करून दाखवताच अवघ्या तीन आठवड्यांत पटली. ब्रिटनच्या संसदेने १७ मे १९१६ रोजी उन्हाळी वेळेचा कायदा संमत केला आणि रविवार, २१ मे रोजी पहाटे दोन वाजता ब्रिटनची घड्याळे तीनवर गेली. विलेट यांच्या निधनाला त्या वेळी १४ महिने झाले होते. २० मिनिटांचे चार टप्पे मात्र गळाले होते. सरळ एक तासाचा बदल स्वीकारण्यात आला. अमेरिकेने १९१८ मध्ये हीच वाट धरली आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने उन्हाळ्यात घड्याळे दोन तासांपर्यंत पुढे नेली.

पेट्स वूडमधील जंगलाचा एक भाग लोकवर्गणीतून विकत घेऊन विलेट यांचे स्मारक म्हणून जपण्यात आला. तेथे १९२७ मध्ये एक दगडी सूर्यघड्याळ उभारण्यात आले. ते ग्रिनिचची वेळ न दाखवता बाराही महिने उन्हाळी वेळच दाखवते. परिसरातील एक रस्ता त्यांच्या नावाने ओळखला जातो. कोल्डप्ले या वाद्यवृंदाचे गायक ख्रिस मार्टिन हे विलेट यांच्या वंशातील आहेत, ही माहिती अनेक संगीतप्रेमींना नवी वाटेल.

विलेट यांच्या युक्तिवादात पहाटेच्या वेळी सर्वजण झोपलेले असतात, हे गृहीत धरलेले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे एक यंत्र आले, जे झोपत नाही. उलट पहाटेचे एक ते तीन हीच त्याची सर्वाधिक कामाची वेळ ठरली. बँकांचे दिवसभराचे हिशेब जुळवणे, माहितीच्या प्रती काढून ठेवणे, देयके तयार करणे ही कामे ग्राहक झोपलेले असताना संगणकाकडून करून घेतली जाऊ लागली. विलेट यांनी जी वेळ निरुपयोगी म्हणून निवडली होती, तीच आता गजबजली.

एखाद्या कंपनीने लंडनमधील आपल्या संगणकाला रोज पहाटे दीड वाजता हिशेबाचे काम करण्याची सूचना देऊन ठेवली आहे, असे समजू. मार्चच्या त्या रविवारी दीड वाजणारच नाही. मग काम व्हावे की होऊ नये? ऑक्टोबरमध्ये दीड दोनदा वाजेल. मग ते दोनदा व्हावे काय? पगार किंवा व्याज जमा करण्याचे काम असेल तर हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही. रुग्णालयात ठराविक तासांनी द्यावयाच्या औषधाची नोंद, कामगारांच्या रात्रपाळीचे तास, विजेच्या वापराची दर तासाची मोजणी या सर्व ठिकाणी २३ तासांचा आणि २५ तासांचा दिवस हिशेबात धरावा लागतो.

न येणाऱ्या वेळेचे काय करावे याची उत्तरे निरनिराळ्या प्रोग्रॅमिंग भाषांनी निरनिराळी दिली आहेत. २०१४ मध्ये आलेल्या जावाच्या आठव्या आवृत्तीत अशी वेळ खंडाच्या लांबीइतकी पुढे ढकलली जाते. म्हणजे दीडऐवजी अडीच धरले जातात. संगणकीय दिनदर्शिकांच्या आंतरराष्ट्रीय मानकातही याच अर्थाचा नियम आहे. त्यानुसार घड्याळ बदलण्यापूर्वीचा ग्रिनिचशी असलेला फरक कायम धरून वेळ मोजली जाते आणि उत्तर अडीच असेच येते. पायथन ही भाषा अधिक भोळी आहे. ती दीडची वेळ निमूटपणे लिहून घेते आणि अशी वेळ त्या दिवशी नव्हती, याची वाच्यताही करीत नाही. पायथनसाठी लिहिलेल्या एका जुन्या आणि लोकप्रिय साधनात तशी मागणी केल्यास ही वेळ साफ नाकारण्याची सोय होती. ठरलेल्या वेळी कामे सुरू करणारा क्रॉन हा युनिक्स परंपरेतील प्रोग्रॅमही यात आहे. त्याच्या एका बहुप्रचलित आवृत्तीत खंडात अडकलेली कामे घड्याळ पुढे सरकताच लगेच उरकली जातात.

यांपैकी कोणते उत्तर बरोबर, हे कामावर अवलंबून आहे. सकाळच्या गजराचे घड्याळ असेल तर वेळ पुढे ढकलणे रास्त ठरते. जन्मनोंदणीच्या अर्जात मात्र लंडनमध्ये त्या रात्री दीड वाजता बाळ जन्मले असे लिहून आले, तर संगणकाने स्वतःच्या मनाने अडीच करू नये. लिहिणाऱ्याच्या मनगटावरील घड्याळ पुढे करायचे राहिले होते काय, हे विचारून घ्यावे. चूक होण्यापेक्षाही ती गुपचूप होणे अधिक घातक, असा अभियंत्यांचा अनुभव आहे.

अशी वेळ ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. दिलेली स्थानिक वेळ ग्रिनिचच्या म्हणजे वैश्विक वेळेत बदलावी आणि तीच पुन्हा स्थानिक वेळेत आणावी. दीड दिले आणि दीडच परत आले तर ती वेळ खरी. दीड देऊन अडीच परत आले तर ती वेळ त्या दिवशी कधी आलीच नव्हती. घडून गेलेल्या गोष्टींची नोंद वैश्विक वेळेत ठेवावी, कारण तिच्यात खंड पडत नाही, हाही नियम रूढ झाला आहे. भविष्यातील भेटींसाठी मात्र तो पुरत नाही. पुढील वर्षीच्या एखाद्या सभेसाठी स्थानिक वेळ आणि शहराचे नावच जपून ठेवावे लागते, कारण दरम्यान एखादे सरकार घड्याळाचा नियम बदलू शकते. अमेरिकेने २००७ पासून घड्याळ बदलण्याची तारीख एप्रिलमधून मार्चमध्ये आणली, तेव्हा असंख्य संगणकांतील प्रणाली सुधारून घ्याव्या लागल्या होत्या.

हरवणारी वेळ सर्वत्र पहाटेची असते असेही नाही. ब्राझीलने २०१९ मध्ये ही पद्धत बंद केली. तोवर तेथील मोठ्या भागात घड्याळ ऐन मध्यरात्री पुढे जात असे. त्यामुळे त्या दिवसाला रात्रीचे बारा नसत आणि दिवस एक वाजता सुरू होई. दिवस बारा वाजता सुरू होतो असे गृहीत धरणारे प्रोग्रॅम तेथे ठेचकाळत. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाऊ बेटावर घड्याळ केवळ अर्धा तास सरकते. विलेट यांच्या २० मिनिटांची आठवण करून देणारा हा अपवाद आहे. प्रशांत महासागरातील सामोआ या देशाने २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली, तेव्हा तेथे ३० डिसेंबर हा संपूर्ण दिवसच वगळला गेला.

मराठी वाचकांना ही कल्पना वाटते तितकी परकी नाही. आपल्या पंचांगात सूर्योदयाच्या वेळी जी तिथी असेल ती त्या दिवसाची मानली जाते. एखादी तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढील सूर्योदयापूर्वीच संपली तर तिला स्वतःचा दिवस मिळत नाही. ती क्षयतिथी. जी दोन सूर्योदयांना स्पर्श करते ती वृद्धितिथी. क्षय झालेल्या तिथीचे व्रत कोणत्या दिवशी करावे, याचे निर्णय धर्मसिंधूसारख्या ग्रंथांत दिलेले आहेत. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्या प्रकारच्या शंकांचे निरसन केले, त्याच प्रकारची शंका जावा आणि पायथन यांच्या कर्त्यांपुढे उभी राहिली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. फरक इतकाच की तिथीचा क्षय चंद्र-सूर्याच्या गतीमुळे होतो, तर मार्चमधील तासाचा क्षय कायद्यामुळे.

खुद्द भारतातही असा तास एकदा हरवला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशाची घड्याळे एक तास पुढे ठेवण्यात आली होती. त्या काळात जन्मलेल्या व्यक्तीची पत्रिका मांडताना ज्योतिषी आजही युद्धवेळेचा एक तास वजा करतात. जन्म मुंबईचा आणि १९५५ पूर्वीचा असेल तर सांगितलेली वेळ प्रमाणवेळ की मुंबई वेळ, हेही पाहावे लागते. संगणकाला हे सारे ठाऊक असावे लागते. अन्यथा त्या वर्षांतील एखादी जुनी नोंद वाचताना त्याची एका तासाची चूक होते.

जगभरातील घड्याळांचे हे सर्व जुने-नवे नियम एका सामायिक कोशात एकत्र ठेवलेले आहेत. अमेरिकेतील आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात त्याचा पाया घातला. त्यानंतर पॉल एगर्ट यांनी त्याची धुरा सांभाळली आणि स्वयंसेवकांच्या मदतीने त्यात सतत भर पडत राहिली. बहुतेक मोबाइल फोन, बँकांचे संगणक आणि विमान आरक्षणाच्या यंत्रणा याच कोशाच्या आधारे वेळ सांगतात. भारतासाठी त्यात कोलकात्याच्या नावाने नोंद आहे आणि तीत युद्धकाळातील तासही नमूद आहे. युरोपच्या नोंदींमध्ये ब्रिटनच्या उन्हाळी वेळेची पहिली ओळ २१ मे १९१६ या तारखेची आहे.

युरोपीय संसदेने २०१९ मध्ये घड्याळे पुढे-मागे करण्याची पद्धत बंद करण्याच्या बाजूने कौल दिला होता. सदस्य देशांत त्यावर एकमत झाले नाही आणि बदल लांबणीवर पडला. ही पद्धत उद्या बंद झाली तरी जुन्या तारखांच्या हिशेबासाठी त्या कोशातील एकही ओळ पुसता येणार नाही.

त्या कोशात नियमांच्या आसपास संपादकांनी माणसांसाठी लिहिलेल्या काही टिपाही आहेत. उन्हाळी वेळेचा इतिहास सांगणाऱ्या या टिपांत विल्यम विलेट यांचे नाव येते. त्या ओळींच्या आरंभी एक खूण असते आणि ती दिसताच संगणक ती ओळ न वाचता पुढे जातो.